चाइल्ड-प्यूचा ‘सी’ वर्ग म्हणजे मेल्डचा मोठा आकडा नव्हे

खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडचे यकृताचे रुग्ण बेंगळुरू अथवा पुण्याहून तपासून आले की नातेवाइकांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते: “सी वर्ग आला आहे, म्हणजे यादीत नंबर वर लागणार.” यादी म्हणजे यकृत प्रत्यारोपणाची प्रतीक्षा यादी; सी हा वर्ग चाइल्ड-प्यू या गुणपद्धतीतला आहे, यादीसाठी मात्र मेल्ड हा वेगळा आकडा पाहतात. म्हणून हा समज चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबून घरातले लोक महत्त्वाचे निर्णय घेतात, म्हणून तो दूर व्हायलाच हवा.

चाइल्ड-प्यू बहुतेकांच्या परिचयाचा आहे. बिलिरुबिन (काविळीत वाढणारा रक्तघटक), अल्ब्युमिन (यकृतात बनणारे प्रथिन), रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आयएनआर, पोटातले पाणी आणि मेंदूवरचा परिणाम यांना प्रत्येकी 1 ते 3 गुण देतात; बेरीज 5-6 आली तर ए, 7 ते 9 आली तर बी, 10 ते 15 आली तर सी. सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक आणि व्रणमय होण्याचा आजार, किती पुढे गेला आहे आणि रुग्णाला एखादी शस्त्रक्रिया झेपेल का, हे ठरवताना हा वर्ग आजही उपयोगी पडतो.

मेल्ड वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो: प्रत्यारोपण झाले नाही तर पुढच्या तीन महिन्यांत मृत्यूचा धोका किती? अमेरिकेने 2002 पासून प्रतीक्षा यादीतील प्राधान्यासाठी तो स्वीकारला. मूळ सूत्रात बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिन एवढेच घटक आहेत आणि आकडा 6 ते 40 असा येतो. त्यात पोटातले पाणी नाही आणि भ्रमही नाही, कारण पाणी ‘थोडे’ की ‘बरेच’ हे तपासणाऱ्यागणिक बदलते. उलट मूत्रपिंडाची स्थिती सांगणारा क्रिएटिनिन, जो चाइल्ड-प्यूमध्ये मुळीच नाही, तो इथे निर्णायक ठरतो.

दोन काल्पनिक रुग्ण घेऊ. दोघांचे बिलिरुबिन 2.5 आणि आयएनआर 1.6. पहिल्याचे पोट पाण्याने फुगलेले आहे, तो अधूनमधून असंबद्ध बोलतो, अल्ब्युमिन 2.5 आहे, पण क्रिएटिनिन 1.0 आहे, त्याचे गुण 11 होतात, म्हणजे सी वर्ग. दुसऱ्याला पाणी थोडेच आहे, तो पूर्ण शुद्धीत आहे, अल्ब्युमिन 3.0 आहे, पण क्रिएटिनिन 3.0 वर गेले आहे. त्याचे गुण 8, म्हणजे बी. मूळ सूत्राने मेल्ड मात्र पहिल्याचा 15 आणि दुसऱ्याचा 26 येतो. घरच्यांच्या डोळ्यांना पहिला अधिक आजारी दिसतो, पण या सूत्रानुसार तीन महिन्यांतला धोका दुसऱ्याला जास्त आहे.

पहिल्यावर हा अन्याय वाटतो, आणि तो अगदीच निराधार नाही. पोटात पाणी साचणाऱ्या रुग्णांचे सोडियम अनेकदा घसरते, म्हणून 2016 मध्ये अमेरिकेच्या यादीसाठी सूत्रात सोडियम जोडले गेले. पहिल्या रुग्णाचे सोडियम 125 असेल, तर त्याचा 15 चा आकडा 25 होतो. 2023 पासून तिथे लागू झालेल्या मेल्ड 3.0 मध्ये अल्ब्युमिन आणि स्त्री-पुरुष हा भेदही आला. स्त्रियांचे क्रिएटिनिन मुळात कमी असल्याने त्यांचा आजार कमी गंभीर भासत असे. त्यामुळे कोणत्या सूत्राने काढला हे न लिहिलेला मेल्ड मला अर्धवट वाटतो.

‘मेल्ड 22 म्हणजे 22 टक्के लिव्हर खराब’ हे तर साफ चूक आहे. तो टक्का नव्हे, आणि कायमचाही नव्हे: लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीरातले पाणी फार कमी झाले तर क्रिएटिनिन चढते, रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरिन हे औषध चालू असेल तर आयएनआर वाढतो, आणि दोन्हींमुळे आकडा फुगतो. महिन्यापूर्वीच्या रिपोर्टवरून काढलेल्या मेल्डवर मी तरी विसंबणार नाही.

यादीतले स्थान केवळ मेल्डवर ठरते असेही नाही. रक्तगट जुळावा लागतो, यकृत अचानक निकामी झालेल्यांचा विचार वेगळा होतो, यकृताच्या कर्करोगात मेल्ड बहुधा लहानच राहतो म्हणून त्यासाठी अपवादाची तरतूद अनेक ठिकाणी असते, आणि नियम राज्यागणिक बदलतात. कर्नाटकात अवयववाटपाचे हे काम ‘जीवसार्थकते’ ही संस्था पाहते, तर महाराष्ट्रात तिथल्या विभागीय समित्या. म्हणून सीमाभागातल्या माणसाने आपले नाव कोणत्या राज्याच्या यादीत नोंदले आहे, हे प्रत्यारोपण समन्वयकाला पहिल्याच भेटीत विचारावे. घरातला कोणी यकृताचा भाग देणार असेल, तर या यादीतला नंबर लागण्याची वाट पाहावी लागत नाही.