पंचगंगेच्या पूररेषेचा वाद : पार्श्वभूमी

संस्थानकाळात बांधकाम सुरू झालेल्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे उघडले की कोल्हापूरकर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे डोळे लावतात. इशारा 39 फुटांवर, धोका 43 वर. 1989 च्या पुरानंतर नदीकाठच्या चिखली-आंबेवाडी या गावांसाठी सोनतळीला पर्यायी जागा मिळाली. 2005 मध्ये पाणी 50 फुटांजवळ पोचलं. ऑगस्ट 2019 मध्ये 55 च्या वर गेलं आणि जुलै 2021 मध्ये त्याहीपुढे 56 फुटांवर.

खरा पेच आहे तो पूररेषेचा. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची तांबडी. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. दोन रेषांमध्ये अटींवर बांधकाम चालतं आणि सगळी ओढाताण या पट्ट्यासाठी आहे. रेषा वर सरकली की प्लॉटची किंमत उतरते आणि परवाना अडतो. ज्यांनी आयुष्याची पुंजी घातली, त्यांची चिंता खोटी नाही. पण 100 वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी 1 टक्का शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती जवळपास 26 टक्के होते. शिवाय हे गणित मागच्या नोंदींवर उभं आहे. पाऊस पूर्वीसारखाच पडत राहील, असं त्यात गृहीत धरलेलं असतं.

ते गृहीतक आता टिकत नाही. हवा एक अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, आणि अरबी समुद्रही तापतो आहे. 1950 ते 2015 दरम्यान मध्य भारतातल्या व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं संशोधन 2017 मध्ये प्रसिद्ध झालं.

तरीही जिल्ह्यातली चर्चा कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाभोवतीच फिरते. 2019 च्या पुरानंतरच्या अभ्यास समितीने त्या धरणाच्या फुगवट्याला, म्हणजे धरणामुळे मागे तुंबणाऱ्या पाण्याला, जबाबदार धरलं नाही. शिरोळ-सांगलीत अनेकांना ते मान्य नाही, आणि 519.6 वरून 524.256 मीटरपर्यंत उंची वाढवण्याच्या प्रस्तावाने त्यांची धास्ती वाढवली आहे. या धास्तीला कारण आहे. नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी मागेच तुंबतं. मात्र शिरोलीजवळचा महामार्गाचा भराव आणि जयंती नाल्याकाठची बांधकामं आपल्याच हद्दीत आहेत. त्यांच्यासाठी कर्नाटकाशी बोलावं लागत नाही.

दोन रेषांमधल्या नव्या परवान्यांत जोत्याची उंची किमान 2021 च्या पातळीवरून मोजणं, ही सुरुवात तर आजही करता येईल.