किती पळाला आणि किती दमला

व्यावसायिक फुटबॉलमध्ये ‘या आठवड्याचा लोड’, म्हणजे खेळाडूवर पडलेला भार, म्हणताना दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. एक बाहेरचा लोड. दोन खवाट्यांच्या मध्ये बसवलेलं जीपीएस यंत्र तो मोजतं: एकूण अंतर, ताशी साधारण २० किमीच्या वरची धाव, २५ च्या वरचे स्प्रिंट, वेग पकडणं आणि झटकन थांबणं. दुसरा आतला, म्हणजे तेच काम शरीराला किती जड गेलं. तो नाडीवरून कळतो, किंवा फुकटात एका प्रश्नावरून: ‘० ते १० मध्ये आजचा सराव किती जड?’ उत्तर गुणिले मिनिटं. ७५ मिनिटांचा सराव ६ वाटला, तर लोड ४५०.

लहान चौकोनात चार विरुद्ध चार खेळवा. स्प्रिंट जवळपास शून्य, नाडी मात्र धडधडत असते. जीपीएसचा तक्ता बघून ‘आज हलकं झालं’ म्हणणारा इथे फसतो. नुसती दमणूक मोजणाराही फसतो, कारण त्या चौकोनात पूर्ण वेगाने कोणी पळालेलंच नसतं. मग शनिवारी सामन्यात पहिल्या लांब स्प्रिंटला हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीचा मागचा स्नायू, धरते. गोव्यातल्या फातोर्डा मैदानाच्या दमट हवेत तर अंतर तेवढंच राहून आतला आकडा चढतो.

‘किती जड?’ हा प्रश्न सराव संपल्यावर अर्ध्या तासाने, एकेकाला बाजूला घेऊन विचारावा. सगळ्यांसमोर विचारलं की संघात जागा हवी असलेला पोरगा ‘चार’ म्हणून मोकळा होतो.

एक आठवडा मांडून बघू. सोम ४०×२, मंगळ ७५×६, बुध ९०×७, गुरू ६०×४, शुक्र ४५×३: एकूण १५३५. शनिवारी पूर्ण सामना, ९०×८, म्हणजे आणखी ७२०. शेवटची १५ मिनिटं उतरलेल्या बदली खेळाडूचे १५×६, फक्त ९०. सराव एकच, पण फरक ६३० चा. म्हणून सामन्यानंतर रिकाम्या मैदानावर बदली खेळाडूंना पळवतात. ती शिक्षा नसते. या दोघांची सरासरी काढली तर ती दोघांपैकी कोणालाच लागू पडत नाही.

आता निकाल. ‘लोड जास्त झाला की आपण हरतो’ असा आलेख काढणं सोपं आहे आणि बहुतेक वेळा चूक. सर्वात ढोबळ गफलत म्हणजे त्याच सामन्याचा आकडा आठवड्यात धरणं. हरल्यावर तोच सामना ८ ऐवजी ९ वाटतो, मग ९० युनिटं वाढतात ती निकालामुळे. तुलना करायची तर सामन्याआधीचा सरावच घ्यावा. तिथेही आधीचा निकाल डोकावतो: हरल्यावर प्रशिक्षक सराव वाढवतो, जिंकल्यावर एखादा दिवस सुट्टी देतो. दोन सामन्यांच्या आठवड्यात सराव आपोआपच घटतो. प्रतिस्पर्धी कोण, घरचं मैदान की बाहेरचं, लाल कार्ड निघालं का, हे सगळं वेगळंच.

सामन्यातल्या धावण्याचंही तेच. २-० ने पुढे असलेल्या संघाचे शेवटच्या वीस मिनिटांतले स्प्रिंट घटले, तर तो दमलाच असेल असं नाही; चेंडू मागे खेळवत घड्याळ संपवणंही त्याला परवडतं.