विहिरीवरच्या पंपाचा कागद

चवथीला आम्ही सगळे फोंड्याजवळच्या मूळ घरी जमतो. यंदा मी उशिरा पोचणार होतो, म्हणून विहिरीवरचा पंप कसा चालवायचा ते भाच्याला लिहून पाठवलं : 'बटण दाब. पाणी आलं नाही तर आधी पंप भरून घे.' पंप अर्धा तास कोरडा फिरला आणि त्याचं सील, म्हणजे दांड्याजवळून पाणी गळू न देणारी कडी, जळालं. भाच्याने ओळीने वाचलं, ओळीनेच केलं. 'आधी' हा शब्द मी नंतर लिहिला होता!

असा पंप स्वतःच्या पोटातलं पाणी गरगर फिरवून बाहेर फेकतो. त्यामुळे मध्यभागी दाब उतरतो आणि बाहेरच्या हवेचा दाब विहिरीतलं पाणी वर ढकलतो. पोटात हवाच असेल तर हे जमत नाही, कारण हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट विरळ. ती कितीही घुसळली तरी दाब पुरेसा उतरत नाही. सीलही पाण्यामुळेच थंड राहतं. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि घोटाळा तिथेच होता.

१९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर वाजवायला लावला. ऐकणारे निम्मी गाणी ओळखतील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. १२० पैकी ओळखली गेली ३. आरतीला घुमट हे मातीचं वाद्य वाजवणाऱ्याच्या मनात अख्खी आरती चालू असते. तीन घरं पलीकडे नुसते ठोके पोचतात. याला 'ज्ञानाचा शाप' म्हणतात. जे कळलंय ते न कळल्यासारखं वाचणं लिहिणाऱ्याला जवळजवळ अशक्य असतं.

म्हणून स्वतःचा कागद स्वतः दहादा तपासण्यात फारसा अर्थ नाही. नवख्या माणसाच्या हाती तो द्यावा आणि आपण तोंड मिटून बघावं. (तोंड मिटणं सगळ्यात अवघड.) नवं सील बसल्यावर मी दुसरा कागद दिला : 'प्लग काढ, पाणी भर.' भाच्याने भिंतीवरच्या बोर्डातून वायर उपसली. मी म्हणत होतो तो प्लग पंपाच्या डोक्यावर होता.

तिसरा कागद असा झाला : 'पंपाच्या माथ्यावरचं पितळी बूच पान्याने काढ. काठोकाठ पाणी ओत. बुडबुडे थांबले की बूच घट्ट लाव. मगच बटण दाब.'

पुढच्या खेपेला बघतो, तर खाली भाच्याने पेन्सिलीने लिहिलं होतं : 'पाना न्हाणीच्या खिडकीत असतो.'