बौद्धिक संपदा वकिली

शोध, ट्रेडमार्क, साहित्य-कलाकृती, वस्तूंचे डिझाइन आणि व्यापारी गुपिते यांवरील हक्क मिळवणे, राखणे आणि त्यांच्यासाठी लढणे हे काम करणारी वकिलीची शाखा. मोठ्या लॉ फर्ममध्ये तिचा स्वतंत्र विभाग असतो. पेटंट पाहणाऱ्यांकडे बहुधा विज्ञान किंवा अभियांत्रिकीचीही पदवी असते.

अशिलाला सर्वांत आधी विचारायचे ते हे, की शोध आतापर्यंत कोणाला दाखवला आहे? अर्जाआधी तो प्रदर्शनात मांडला किंवा लेखात छापला, तर अनेक देशांत नावीन्य संपते आणि पेटंट मिळत नाही. पहिला अर्ज दाखल झाला, की १८८३ च्या पॅरिस करारानुसार इतर सदस्य देशांत अर्ज करण्यास पेटंटसाठी १२ महिने, ट्रेडमार्क व डिझाइनसाठी ६ महिने मिळतात. मुदत हुकली तर हक्कच हातचा जाऊ शकतो.

या वकिलीचे खरे कसब मात्र दाव्यांच्या मसुद्यात दिसते. पेटंटची हद्द ठरते ती अर्जाच्या दाव्यांवरून, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितला आहे हे सांगणाऱ्या वाक्यांवरून. समजा, बाटलीचे न सांडणारे नवे झाकण आहे. दाव्यात ‘आटे असलेले झाकण’ लिहिले, तर खटक्याने बसणारे झाकण विकणारा प्रतिस्पर्धी निसटू शकतो. नुसतेच ‘घट्ट बसणारे झाकण’ लिहिले, तर परीक्षक जुनी झाकणे पुढे करून दावा फेटाळतो. म्हणून चांगला वकील शोधकाला खोदून विचारतो: आटे काढले तरी हे चालेल का? गळती नेमकी कशाने थांबते? त्या उत्तरातून व्यापक दावा तयार होतो आणि त्याच्याखाली क्रमाने अरुंद होत जाणारे दावे रचले जातात. वरचा पडला तरी खालचा टिकावा म्हणून. घाईत लिहिलेला मसुदा पुढे सुधारायला फारच थोडी जागा उरते, कारण मूळ अर्जात नसलेली गोष्ट नंतर घालता येत नाही.

ट्रेडमार्कचे काम जुन्या नोंदी धुंडाळण्यापासून सुरू होते: आधीच नोंदलेले मिळतेजुळते चिन्ह आहे का? वस्तू व सेवांचे ४५ वर्ग आहेत. योग्य वर्ग निवडावा लागतो. साहित्य-कलाकृतींवरील कॉपीराइट बर्न या आंतरराष्ट्रीय कराराच्या सदस्य देशांत नोंदणीविनाही मिळतो, त्यामुळे कॉपीराइटच्या कामात परवाना आणि हस्तांतराचे करारच जास्त असतात.

उल्लंघन झाल्यास नोटीस, वाटाघाटी, मनाईहुकूम आणि नुकसानभरपाईचा दावा असा मार्ग असतो. बरीच प्रकरणे परवाना करारावर मिटतात. स्वतःचे पेटंट असले तरी उत्पादन दुसऱ्याच्या पेटंटमध्ये अडकू शकते, हे अशिलांना अनेकदा ठाऊक नसते. म्हणून माल बाजारात आणण्यापूर्वी इतरांची चालू पेटंटे तपासून लेखी मत देणे हेही फर्मचेच काम.