भ्रूण, मूलपेशी आणि करदात्याचा पैसा

प्रयोगशाळेत फलित झालेलं बीज पाचव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर द्रवाने भरलेला पोकळ चेंडू दिसतो. शंभर-दीडशे पेशी, आकार टाचणीच्या डोक्याहूनही लहान. आत एका बाजूला पेशींचा पुंजका चिकटलेला असतो. शरीरातली कुठलीही पेशी घडवण्याची ताकद त्यात असते. हा पुंजका काढून वाढवला की भ्रूणीय मूलपेशी (स्टेम सेल) मिळतात, पण भ्रूण तिथेच संपतो.

अमेरिकेत या कामाला सरकारने पैसा द्यावा का, यावर गेली तीस वर्षं भांडण चालू आहे. भ्रूण नष्ट होईल अशा संशोधनाला केंद्र सरकारचा पैसा मिळणार नाही, अशी अर्थसंकल्पाच्या कायद्यातली डिकी-विकर दुरुस्ती 1996 मध्ये आली. त्यामुळे 1998 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाचे शास्त्रज्ञ जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणीय मूलपेशी पहिल्यांदा वेगळ्या केल्या, त्या खासगी पैशावर. 9 ऑगस्ट 2001 रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी मधला मार्ग काढला: त्या रात्री 9 वाजेपर्यंत तयार असलेल्या सेल लाइन्सनाच, म्हणजे एका भ्रूणातून काढून प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वंशांनाच, अनुदान. साठाहून अधिक असल्याचं सांगितलं गेलं, प्रत्यक्षात हाती लागल्या जेमतेम वीसएक, त्याही उंदराच्या पेशींच्या थरावर वाढवलेल्या. नव्या लाइन्सवर काम करायचं तर सरकारी पैशाला हात न लावता, म्हणून उपकरणं वेगळी, हिशेबही वेगळा.

ज्याला भ्रूण म्हणजे माणूस वाटतो, त्याच्या करातून हे काम करणं ही त्याच्यावर खरीच जबरदस्ती आहे. आयव्हीएफनंतर (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारानंतर) उरलेले भ्रूण तसेही टाकूनच दिले जातात, हे उत्तर त्याला पुरणार नाही. मरणारच आहे म्हणून कुणाला वापरून घ्यावं का, असं तो विचारेल, आणि हा प्रश्न मला उडवून लावता येत नाही.

तरीही मी अनुदानाच्या बाजूने आहे. पैसा अडवल्याने संशोधन थांबलं नाही. 2004 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी स्वतःच 3 अब्ज डॉलरचे रोखे मंजूर केले. खासगी कंपन्यांचं काम तर चालूच होतं. सरकारी पैशाबरोबर मात्र अटी येतात. ओबामांनी 2009 मध्ये बुश यांची मर्यादा उठवली, तेव्हा अनुदान मिळणाऱ्या सेल लाइन्ससाठी नियम आले: भ्रूण मूल होण्यासाठीच बनवलेला आणि आता नको असलेला हवा, दात्या जोडप्याची लेखी संमती हवी, मोबदला एक पैसाही नाही. उपचारांनी थकलेल्या जोडप्यापुढे संमतीचा कागद ठेवला जातो, तेव्हा ते कुठल्या दबावाखाली सही करतात, हे तपासायला कुणीतरी हवंच. ते काम नफ्यावर नजर असलेल्या कंपनीवर सोडायला माझं मन तयार नाही.

जपानचे शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या साध्या पेशींना मूलपेशींसारखं बनवलं, पुढच्या वर्षी माणसाच्या. भ्रूणाची गरज कमी झाली, संपली नाही. नव्या पेशी कितपत अस्सल आहेत, हे ताडून पाहायला भ्रूणीय पेशीच लागल्या.

ती 1996 ची दुरुस्ती पुढेही वर्षानुवर्षं अर्थसंकल्पाबरोबर नव्याने मंजूर होत राहिली. तयार मूलपेशींवरचं काम सरकारी पैशातून चालतं. भ्रूणातून तो पुंजका बाहेर काढण्याचा खर्च मात्र दुसऱ्याने करायचा.