अंक-कारखाना कोडी

अंक-कारखाना कोडी : कारखाना-उभारणीच्या संगणकीय खेळांची अंकगणितावर आधारलेली शाखा. या खेळांत खाणीतून धातूऐवजी लहान अंक निघतात, पट्ट्यांवरून ते बेरीज, गुणाकार, वजाबाकी इ. क्रिया करणाऱ्या यंत्रांत जातात आणि मागितलेली संख्या केंद्राकडे पोचवायची असते. ‘बेल्टमॅटिक’ (२०२४) हे या प्रकारचे ठळक उदाहरण होय. पट्ट्यांची मांडणी सवयीने जमते. खरा प्रश्न संख्या कोणत्या वाटेने घडवावी हा आहे.

एकेक मिळवत न जाता दुपटीने संख्या गाठण्याची युक्ती फार जुनी आहे. तिचे मूळ काही अभ्यासक प्राचीन ईजिप्तमध्ये शोधतात, कारण इ. स. पू. सुमारे १५५० च्या पपायरसात दुपटीवर आधारलेला गुणाकार आढळतो. मात्र, संख्या सम असल्यास निम्मी करणे, विषम असल्यास एक वजा करणे, प्रत्येक पायरीची खूण ठेवणे आणि त्या खुणा उलट क्रमाने वाचून दोनाचा घात काढणे, ही पद्धत सूत्ररूपाने पिंगलाच्या छंदःशास्त्रात येते. पिंगलाचा काळ सामान्यतः इ. स. पू. तिसरे ते दुसरे शतक मानला जातो. काही जण तो आणखी मागे नेतात, तथापि नंतरचा काळ धरणे अधिक सावध वाटते. दुपटीचा उगम आणि या पद्धतीची स्पष्ट मांडणी हे दोन प्रश्न वेगळे ठेवल्यास हा वाद बराचसा मावळतो. आधुनिक काळात आर्नोल्ड शोल्त्स (१९३७) व आल्फ्रेड ब्राउअर (१९३९) यांनी बेरीज-साखळीचा, म्हणजे किमान किती बेरजांत १ पासून दिलेली संख्या मिळते याचा, अभ्यास केला.

दुपटीची पद्धत नेहमी सर्वांत आखूड नसते. १५ साठी ती १, २, ३, ६, ७, १४, १५ अशा सहा बेरजा घेते, तर १, २, ३, ६, १२, १५ ही साखळी पाचांतच संपते. म्हणून डावपेचांचा पाया बेरीज-साखळीवर घालण्याकडे कल दिसतो, पण पट्ट्यावरचा अंक वापरला की संपतो, हे त्यात निसटते. वरील साखळीत एका १५ मागे पाच वेळा ३ लागतात; तेव्हा सर्व यंत्रे एकाच वेगाची असतील आणि प्रत्येक टप्प्याला एकच यंत्र असेल, तर उत्पादन एक-पंचमांशावर येते. पूर्ण वेग हवा असल्यास २ व ३ साठी प्रत्येकी पाच, ६ साठी दोन आणि १२ व १५ साठी एकेक, अशी चौदा यंत्रे बसवावी लागतात. निव्वळ बेरजेने कोणतीही वाट धरली तरी आकडा चौदाच राहतो, कारण प्रत्येक यंत्र दोन अंकांचा एक करते आणि मूळ १ पंधरा लागतात.

त्यामुळे पूर्ण वेगाच्या कारखान्यासाठी मालर व पॉपकेन यांनी १९५३ मध्ये विचारात घेतलेला प्रश्न अधिक लागू पडतो : बेरीज व गुणाकार वापरून दिलेली संख्या कमीत कमी किती १ पासून घडेल? ३ × ५ या वाटेने १५ ला आठ १ आणि सातच यंत्रे पुरतात. यात ३ चे घात सर्वांत काटकसरीचे ठरतात, कारण n या संख्येसाठी किमान ३ log₃ n इतके १ लागतात (log₃ n म्हणजे n मिळण्यासाठी ३ ला द्यावा लागणारा घातांक) आणि ३ च्या घातांना ही मर्यादा तंतोतंत गाठता येते. अवयव पाडण्याची घाई मात्र महागात पडू शकते. ४६ हे २ × २३ असे घडवल्यास तेरा १ खर्च होतात, तर ३ × ३ × ५ करून त्यात १ मिळवल्यास बाराच. वजाबाकीचे यंत्र हाती आल्यावर २३ हे २४ − १ असे घडवता येते आणि हा फरक नाहीसा होतो. घाताचे यंत्र मिळाल्यावर वरील मर्यादाही लागू राहत नाही : ३ × ३ × ३ ला नऊ १ लागतात, तर ३ च्या ३ ऱ्या घाताला सहाच.