मुळेचा खुदरी: धरणं, मत्स्यबीज आणि एका महाशीराचा प्रवास

दख्खनचा महाशीर शास्त्राच्या पुस्तकात गेला तो पुण्याजवळच्या नदीतून. विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने 1839 मध्ये मुळा-मुठेतल्या या माशाचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि इथल्या लोकांच्या तोंडचंच नाव त्याला दिलं: खुदरी. आजही त्याचं शास्त्रीय नाव 'टॉर खुदरी' आहे. पुढे याच मुळेवर मुळशीचं धरण उभं राहिलं.

मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी टाटांनी 1910 मध्ये जलविद्युत कंपनी काढली. लोणावळ्याच्या परिसरात वळवण, शिरवता ही धरणं बांधली गेली आणि 1915 मध्ये खोपोलीचं वीजगृह सुरू झालं. मग आंध्रा नदीवर ठोकरवाडी आणि भिवपुरीचं वीजगृह, त्यानंतर मुळशी आणि 1927 मध्ये भिऱ्याचं वीजगृह. युक्ती एकच होती. पूर्वेकडे भीमा-कृष्णेला मिळणारं पाणी माथ्यावर अडवायचं आणि सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडायचं. मुळशीत बुडणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. तो इतिहास आपल्याला ठाऊक आहे. नदीतल्या जिवांचं काय झालं, याची नोंद मात्र फार उशिरा घेतली गेली.

महाशीर हा वाहत्या पाण्याचा मासा. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि प्राणवायू भरपूर असलेल्या, गोट्यागोट्यांच्या पात्रात अंडी घालतो. रोहू-कटल्याच्या मानाने त्याची अंडी कमी, म्हणून त्याची एकेक वीण मोलाची. धरणाची भिंत त्याची वाट अडवते. या धरणांना माशांसाठी चढण ठेवलेली नाही. भिंतीखाली पाणी आटतं, कारण ते घाटापलीकडे गेलेलं असतं. वरचे मासे जलाशयाला मिळणाऱ्या ओढ्यांत कशीबशी वीण साधतात, आणि नेमके तिथेच ते सहज मारले जातात. सुरुंग लावून आणि पाण्यात विष कालवून केलेल्या मासेमारीने उरलेसुरले डोहही रिकामे केले.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला लोणावळ्यात उपाय सुरू झाला, तो वीज कंपनीच्याच मत्स्यबीज केंद्रात. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक सी. व्ही. कुलकर्णी आणि केंद्राचे एस. एन. ओगले यांनी इथे मोठं काम केलं. जुलै-ऑगस्टमध्ये जलाशयातले पिकलेले नर-मादी पकडायचे, हलक्या हाताने पोट दाबून अंडी काढायची, त्यांत नराचं वीर्य मिसळायचं आणि ती वाहत्या पाण्यात उबवायची. पिवळीधमक अंडी तीनेक दिवसांत फुटतात. हे तंत्र बसल्यावर लाखो बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, तयार होऊ लागल्या आणि इतर राज्यांनाही बीज मिळू लागलं. त्या काळात हे काम झालं नसतं तर खुदरीचं भवितव्य अंधारातच होतं, असं मला मनापासून वाटतं.

पण याच यशातून एक घाव झाला. लोणावळ्याचं बीज कावेरीतही सोडलं गेलं. तिथला मूळचा महाशीर वेगळा, पाठीवर कुबड असलेला आणि आकाराने प्रचंड. आपला निळसर परांचा खुदरी तिथे फोफावला आणि मूळचा मासा मागे पडत गेला. तो 'टॉर रेमादेवी' आहे हे 2018 मध्ये सिद्ध झालं, तोवर तो नामशेष होण्याच्या काठावर पोचला होता. तिथेही धरणं, वाळूउपसा आणि सुरुंग होतेच, सगळा दोष खुदरीचा नाही. तरीही एका खोऱ्यातला मासा दुसऱ्या खोऱ्यात नेऊन सोडणं म्हणजे संवर्धन नव्हे, हे तिथे कळलं. महाशीर म्हणजे एकच मासा, असं धरून चालल्याची ही किंमत होती.

धोक्यातल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत खुदरी आधी 'संकटग्रस्त' होता, आता तो 'कमी चिंतेचा' मानला जातो. त्या नोंदीवर विसंबून मुळा-इंद्रायणीकडे पाठ फिरवू नये. केंद्रातली बोटुकली जगते ती हौदात, नदीत जगायला तिला पावसाळ्यात वाहतं पात्र आणि उन्हाळ्यात न आटणारा डोह लागतो. महाडजवळच्या वाळणकोंडीच्या डोहात वरदायिनी देवीवरच्या श्रद्धेमुळे कुणी मासे मारत नाही. तिथे ना हौद आहेत, ना बीज. भाविकांनी टाकलेले कुरमुरे खायला महाशीर आजही काठाशी येतात.